नाशिकमधील वाहतुकीचा गोंगाट आणि धूर

नाशिक शहरात वाहनांमुळे ध्वनी व वायुप्रदूषण होते. दोन्ही एकाच जागी साचतात: वाहने खोळंबतात त्या चौकात. मुंबई–आग्रा महामार्ग शहराच्या मधूनच जातो, पुणे रस्ता त्याला द्वारका चौकात मिळतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांचा माल, पिंपळगावहून मुंबईकडे निघालेले कांदा-टोमॅटोचे ट्रक, पंचवटीत येणारे भाविक आणि २०११ च्या जनगणनेतच १४,८६,०५३ वर पोचलेल्या लोकसंख्येच्या दुचाक्या या सगळ्यांची वाट इथूनच. उड्डाणपुलाने लांब पल्ल्याची वाहने वरून नेली. खालचे चौक शहराच्या वाहनांनी भरले.

सिग्नलवर चालू ठेवलेले इंजिन जागचे न हलता इंधन जाळते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (भारत स्टेज-६) या वाहनांच्या धुरावरील मानकांमुळे नव्या गाड्यांचा धूर कमी झाला, पण टायर व ब्रेकची झीज आणि चाकांनी उडणारी रस्त्याची धूळ त्या मानकांत येत नाही. खोदून कच्चे बुजवलेले रस्ते या धुळीत भर घालतात. हवेतील पीएम १० म्हणजे १० मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाने मानके न पाळणाऱ्या शहरांत नाशिकलाही धरले. इथल्या हवेचे कौतुक ऐकत वाढलेल्यांना ही नोंद बोचावी अशीच आहे. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड व जड होऊन वरच्या उबदार थराखाली अडकते, धूर वर जात नाही. म्हणजे थंडीतल्या ज्या पहाटेची सारे वाट पाहतात, तीच फिरायला जाणाऱ्यांच्या छातीला जाचक ठरू शकते.

गोंगाटाची मर्यादा २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर रुग्णालये, शाळा व न्यायालयांभोवती १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० व ४० आहे. डेसिबलचे आकडे फसवे असतात: दहाने वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट. मुंबई नाक्याजवळची रुग्णालये महामार्गालगतच आहेत. तिथे विनाकारण वाजवलेला प्रत्येक हॉर्न रुग्णाच्या उशाशी वाजतो. त्याहून अधिक सोसतात ते चौकातच दिवस काढणारे वाहतूक पोलीस, रिक्षाचालक आणि फळविक्रेते. त्यांना खिडकी लावून घेण्याचीही सोय नाही.

२०२१-२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोच्या पहिल्या टप्प्यासाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. त्याच वर्षी जुलैत सिटीलिंक ही महापालिकेची बससेवा सुरू झाली. बसला वेगळी मार्गिका नसल्याने तीही द्वारकेच्या त्याच रांगेत उभी असते.