शांता आपटे

शांता आपटे (मृत्यू : २४ फेब्रुवारी १९६४, मुंबई). मराठी व हिंदी बोलपटांच्या पहिल्या पिढीतील गायिका-अभिनेत्री. जन्म सोलापूर जिल्ह्यातील दुधनी येथे. भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’ (१९३२) या बोलपटातून त्यांनी पदार्पण केले आणि पुढे त्या ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीत आल्या. कंपनी कोल्हापूरहून पुण्यास हलल्यानंतरच्या ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) त्यांनी सुमित्रेची भूमिका केली. त्या काळी पडद्यावर गाणारे नट बहुधा रंगभूमीवरच्याप्रमाणे एका जागी ताठ उभे राहून पद म्हणत. शांताबाईंनी मात्र गाताना हात, डोळे आणि चेहरा मोकळेपणाने वापरला, त्यामुळे गाणे हे पात्राच्या बोलण्याचाच भाग वाटू लागले.

त्यांची सर्वांत महत्त्वाची भूमिका व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘कुंकू’मधील (१९३७) नीराची होय. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरील या चित्रपटात मामाच्या लोभापायी प्रौढ विधुर वकिलाच्या गळ्यात बांधली गेलेली नीरा हे लग्न मानायलाच नकार देते. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने फोडून काढते, तो प्रसंग आजही तितकाच झणझणीत वाटतो. वकिलाच्या भूमिकेत केशवराव दाते होते. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, आवाज आहेत ते घरातले आणि रस्त्यावरचे. अशा पटात नीरा अमेरिकन कवी लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, हे योजणाऱ्याच्या धाडसाला दाद द्यावी लागते.

‘गोपाळकृष्ण’नंतर (१९३८) कराराच्या वादातून १९३९ मध्ये शांताबाईंनी पुण्यातील ‘प्रभात’ स्टुडिओच्या फाटकावर उपोषण केले. एवढ्या नावाजलेल्या नटीने आपल्याच कंपनीच्या दारात असे बसावे, ही तेव्हा मोठीच खळबळ होती. पाठोपाठ १९४० मध्ये त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक आले. त्यात त्यांनी चित्रसृष्टीकडे झगमगाट म्हणून न पाहता मालक आणि नोकरदार यांच्या व्यवहाराच्या नजरेने पाहिले आहे. नटनटींच्या आठवणींपुरत्या वाचल्या जाणाऱ्या मराठी चित्रपटसाहित्यात हे पुस्तक वेगळे उठून दिसते, तरी त्याची चर्चा फारशी होत नाही.

‘प्रभात’ सोडल्यावर त्यांनी ‘सावित्री’ (१९४१) या तमिळ चित्रपटात नायिका रंगवली, त्यात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारदाच्या वेषात होत्या. लाहोरला तयार झालेला ‘जमीनदार’ (१९४२), कोवळ्या वयातील लता मंगेशकरांच्या सोबतीचा ‘सुभद्रा’ (१९४६) आणि ‘स्वयंसिद्धा’ (१९४९) हे त्यांचे नंतरचे उल्लेखनीय हिंदी चित्रपट होत.