मेस्त्री निवृत्त झाला की कारखाना काय विसरतो?

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, मुरलेला मेस्त्री साच्याची वाळू मुठीत आवळतो आणि झालेला गोळा बोटांनी मोडतो. कडा स्वच्छ तुटली तर वाळू जमली. भुरभुरली तर पाणी कमी. पाणी जास्त झालं तर तापलेला रस ओतताना वाफ कोंडते आणि कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतून तयार झालेल्या भागात, पोकळ्या राहतात. आता ओल मोजायला यंत्रं आहेत. तरी आकडा बिघडला की नेमकं काय बदलायचं, हे मेस्त्रीलाच विचारतात. तो गेल्यावर?

संस्था कशा शिकतात आणि विसरतात याच्या अमेरिकी अभ्यासक लिंडा आर्गोट यांची जवळजवळ सगळी कारकीर्द अशाच प्रश्नांवर उभी आहे. १९७९ साली मिशिगन विद्यापीठातून पीएच.डी. घेऊन त्या पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात आल्या. पिट्सबर्ग म्हणजे पोलादाचं गाव.

बांधलेल्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली की दर विमानामागची मजुरी सुमारे २० टक्क्यांनी घटते, असं अमेरिकी विमान अभियंते टी. पी. राइट यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. एकदा शिकलेलं टिकतं, हे मात्र सगळे गृहीतच धरत. आर्गोट आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या ‘लिबर्टी’ मालवाहू जहाजांच्या नोंदी तपासल्या. साधारण २,७०० जहाजं, आराखडा एकच, गोद्या अनेक. १९९० च्या त्यांच्या शोधनिबंधात उत्तर आलं: कारखाना विसरतो, आणि भराभर विसरतो. उशिरा सुरू झालेल्या गोद्यांना आधीच्यांच्या अनुभवाचा सुरुवातीला फायदा झाला. पुढे एकीचं शिकणं दुसरीपर्यंत पोचलं नाही.

आर्गोट यांचा पुढचा अभ्यास मला सर्वात मोलाचा वाटतो. एका ट्रक कारखान्यात दुसरी पाळी नव्याने सुरू झाली आणि तिने पहिलीला फार लवकर गाठलं. पहिल्या पाळीने जे कमावलं होतं, त्यातलं पुष्कळ यंत्रांत, हत्यारांत, कामाच्या मांडणीत उतरलं होतं. माणसं नवी असली तरी यंत्रं तीच होती.

पण यंत्रात सगळं उतरत नाही. १९९५ मध्ये त्यांच्या गटाने ३६ पिझ्झा दुकानं पाहिली. एकाच मालकाच्या दुकानांत युक्त्या पसरत होत्या, कारण तिथली माणसं एकमेकांना फोन करत, भेटत. मालक वेगळा असला की शेजारच्या दुकानाचाही उपयोग नव्हता.

उद्यमबागेत आणि मच्छेत भिंतीला भिंत लागून कारखाने आहेत. मेस्त्रीची मूठ यंत्रात बसणार नाही. पण रोजचा ओलीचा आकडा आणि त्यावर त्याने केलेला बदल एका वहीत उतरवता येतो, आणि पावसाळाभर दोन पोरं त्याच्या शेजारी उभी करता येतात. हे त्याच्या निरोपसमारंभाआधी व्हायला हवं.