झां-प्येर सेर यांचे गणितग्रंथ

फ्रेंच गणितज्ञ झां-प्येर सेर (जन्म १५ सप्टेंबर १९२६) यांनी संख्या सिद्धांत, बीजगणित आणि गट सिद्धांत या विषयांवर लिहिलेले प्रगत ग्रंथ. सेर यांना १९५४ मध्ये वयाच्या २७ व्या वर्षी गणितातले मानाचे फील्ड्स पदक मिळाले. इतक्या लहान वयात ते आजवर दुसऱ्या कोणाला मिळालेले नाही. २००३ चे पहिले आबेल पारितोषिकही त्यांचेच. १९५६ ते १९९४ या काळात ते पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक होते. त्यांचे बरेच ग्रंथ व्याख्यानांतून तयार झाले आणि बहुतेक अंगाने बारीक आहेत. वाचायला मात्र जाड ग्रंथांइतकाच वेळ लागतो.

सर्वाधिक वाचला गेलेला ग्रंथ म्हणजे ‘कूर दारितमेतिक’ (१९७०). पॅरिसच्या एकोल नॉर्मालमधील दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना १९६२ आणि १९६४ मध्ये दिलेली व्याख्याने त्याच्या मुळाशी आहेत. पहिल्या भागात सांत क्षेत्रे (बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार चालतील असे मर्यादित संख्यासंच) आणि पी-ॲडिक संख्यांवरून (पी या मूळ संख्येच्या घातांनी जाणाऱ्या भागावरून जवळीक मोजणाऱ्या संख्या) वाट काढत सेर हासे–मिंकोव्स्की प्रमेयापर्यंत पोहोचतात : परिमेय सहगुणकांच्या वर्गरूपाची (प्रत्येक पद दुसऱ्या घाताचे असलेल्या बहुपदीची) किंमत, सर्व चले शून्य नसताना, परिमेय संख्यांत शून्य होऊ शकते का, हे वास्तव संख्यांत आणि प्रत्येक मूळ संख्येच्या पी-ॲडिक क्षेत्रात तपासले की कळते. कोणती संख्या तीन वर्गांची बेरीज असते हे सांगणारे गाउसचे प्रमेय मग यातूनच निघते, आणि त्यातून प्रत्येक नैसर्गिक संख्या चार वर्गांची बेरीज असते हे लाग्रांजचे प्रमेय दोन-चार ओळींत. दुसरा भाग विश्लेषणाचा. त्यात अंकगणिती श्रेढीतील मूळ संख्यांविषयीचे डिरिक्लेचे प्रमेय आहे आणि मॉड्युलर फॉर्म (विशिष्ट सममिती असलेली संमिश्र फलने) आहेत. रामानुजन यांचे टाऊ फलन इथेच भेटते. या ग्रंथाला १९९५ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे स्टील पारितोषिक मिळाले.

‘सांत गटांची रेखीय निरूपणे’ (१९६७) या ग्रंथाचा जन्म वेगळाच. गट म्हणजे सममितींसारख्या क्रियांचा संच, आणि निरूपण म्हणजे त्या क्रिया आव्यूहांनी मांडणे. त्याचा पहिला भाग सेर यांनी रसायनशास्त्रज्ञांसाठी लिहिला. त्यांच्या पत्नी जोझियान रसायनशास्त्रज्ञ होत्या. म्हणूनच तो भाग इतका सोपा उतरला आहे. तिसऱ्या भागातील ब्राउअर सिद्धांतापर्यंत गेलेला वाचक हे वाक्य पुन्हा म्हणणार नाही.

‘कोर लोको’ (१९६२) स्थानिक क्षेत्रांवर (पी-ॲडिक संख्यांसारख्या क्षेत्रांवर) आहे. १९७७ च्या ‘झाडां’वरील ग्रंथात (हायमन बास यांच्या साहाय्याने) एखादा गट झाडावर, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या चक्रविरहित आलेखावर, कसा क्रिया करतो यावरून त्या गटाची रचना ओळखली आहे. मुक्त गटाचा (ज्याच्या जनक घटकांत एकमेकांशी कोणताही संबंध नसतो अशा गटाचा) प्रत्येक उपगट मुक्तच असतो, हे अन्यथा कष्टाने सिद्ध होणारे प्रमेय तिथे जवळजवळ फुकट मिळते.

गालुआ कोहोमोलॉजीवरचा ‘कोहोमोलोजी गालुआझिएन’ (१९६४) मात्र उत्तरांपेक्षा प्रश्नांसाठी अधिक गाजला. त्यातील बीजगणितीय गटांविषयीच्या दोन अटकळींपैकी (सिद्ध न झालेल्या अंदाजांपैकी) पहिली रॉबर्ट स्टाइनबर्ग यांनी १९६५ मध्ये सिद्ध केली. दुसरी अभिजात गटांसाठी (आव्यूहांच्या नेहमीच्या कुटुंबांतील गटांसाठी) १९९५ मध्ये एव्हा बायर-फ्लुकिगर आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर. परिमला यांनी सोडवली. सर्व गटांसाठीची सिद्धता अजून हाती आलेली नाही.

सेर ‘बूर्बाकी’ या टोपणनावाने एकत्र लिहिणाऱ्या फ्रेंच गणितज्ञांच्या मंडळाचे सदस्य होते, तरी बूर्बाकीच्या ग्रंथांप्रमाणे सगळे पायापासून बांधत जाण्याचा सोस त्यांच्या स्वतःच्या पुस्तकांत नाही. एक चांगले प्रमेय नजरेसमोर ठेवायचे, त्याला लागेल तेवढीच सामग्री गोळा करायची, अशी त्यांची रीत. सिद्धतेतील पायऱ्या ते गाळत नाहीत, पण उगाळतही नाहीत. त्यामुळे कागद-पेन्सिल न घेता बसलेल्या वाचकाला दुसऱ्या पानावरच मागे फिरावे लागते.