अलकनंदेचा भोवरा

कार्तिक अमावस्येच्या सुमारास रात्री आठला पुण्याजवळच्या वेल्ह्याच्या बाजूला गेलात, तर महाश्व तारकासमूहाचा मोठा चौकोन अगदी डोक्यावर असतो. त्याच्या एका कोपऱ्यातून देवयानीच्या ताऱ्यांची रांग निघते. तिच्या जरा उत्तरेला, चष्म्याच्या काचेवर फुंकर मारल्यावर उरावा तसा एक पुसट डाग दिसतो. पेठांतल्या गच्चीवरून तो शोधण्यात अर्थ नाही. हा डाग म्हणजे देवयानी दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा एक प्रचंड समूह. तिथून निघालेला प्रकाश २५ लाख वर्षांनी आपल्यापर्यंत पोहोचतो.

हा डाग आपल्याच आकाशगंगेतला ढग की बाहेरचं काही, यावर शंभर वर्षांपूर्वी कडाक्याचे वाद होते. १९२३ साली खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांना त्यात एक रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारा, तारा सापडला. त्याच्या तेजावरून अंतर काढलं, डाग बाहेरचाच निघाला आणि वाद मिटला.

संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळं. हा शब्द ज्याने कोणी निवडला त्याला दाद द्यायला हवी, कारण दीर्घिकेचा स्वभाव बराचसा तिच्यात पाणी किती उरलंय यावरच ठरतो. पाणी म्हणजे इथे थंड हायड्रोजन वायू. तारे त्यातूनच जन्मतात.

हबल यांनी १९२६ मध्ये दीर्घिकांची आकारावरून वर्गवारी केली, ती आजही चालते. लंबवर्तुळाकार दीर्घिका म्हणजे आटलेली तळी. थंड वायू जवळजवळ संपलेला, तारे म्हातारे आणि पिवळसर-तांबूस, प्रत्येकाची कक्षा वेगळ्याच दिशेला. कन्या राशीतली एम ८७ ही अशीच एक अजस्र दीर्घिका. २०१९ मध्ये ज्या कृष्णविवराचं पहिलं चित्र आलं, ते तिच्याच पोटातलं. अशा मोठ्या दीर्घिका बहुधा लहानांच्या टकरींतून, विलीनीकरणातून घडतात. मॅगेलनच्या मेघांसारख्या अनियमित दीर्घिकांना धड आकारच नाही, पण वायू भरपूर. भिंगाकार दीर्घिका या दोन टोकांमधल्या नव्हेत, तर लंबवर्तुळाकार आणि सर्पिल, म्हणजे भोवऱ्यासारखे वळलेले बाहू असलेल्या, यांच्या मधल्या: तबकडी आहे, बाहू नाहीत.

खरी गंमत सर्पिल दीर्घिकांची. आपली आकाशगंगा यांतलीच, मधोमध ताऱ्यांचा दांडा असलेली, सुमारे एक लाख प्रकाशवर्षं रुंद. सूर्य केंद्रापासून २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याला एका फेरीला वीस कोटींहून जास्त वर्षं लागतात. बाहेरच्या ताऱ्यांची फेरी आणखी लांबते. म्हणजे बाहू हे ताऱ्यांचे पक्के पट्टे असते, तर रिळावरच्या दोऱ्यासारखे कधीच गुंडाळले गेले असते. मग ते टिकतात कसे? संध्याकाळी विद्यापीठ चौकातली कोंडी आठवा. गाड्या येतात, रखडतात, पुढे निघून जातात. कोंडी मात्र जागच्या जागी. अनेक दीर्घिकांचे बाहू असेच आहेत. तारे आणि वायू त्यांत शिरतात आणि बाहेर पडतात. दाटीत वायू दाबला जाऊन नवे निळे तारे पेटतात, म्हणून बाहू उठून दिसतात.

असा नीटस भोवरा तयार व्हायला तबकडी आधी शांत व्हावी लागते, आणि त्याला फार वेळ लागतो, असं मानलं जात होतं. विश्वाच्या बालपणी दीर्घिका ओबडधोबड, खळबळत्या असणार ही अपेक्षा. पुणे विद्यापीठाच्याच आवारातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी २०२५ मध्ये त्या अपेक्षेला धक्का दिला. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या प्रतिमांत त्यांना दोन सुबक बाहूंची एक दीर्घिका सापडली. विश्व आज सुमारे १३८० कोटी वर्षांचं आहे. ही दीर्घिका आपल्याला दिसते ती विश्व जेमतेम १५० कोटी वर्षांचं असतानाची. रुंदी ३० हजार प्रकाशवर्षं. वाटेतल्या एका दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम केलं, म्हणून ती सुमारे दुप्पट तेजस्वीही दिसली.

हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात, म्हणून या नव्या दीर्घिकेचं नाव मंदाकिनी नदीच्या बहिणीचं, अलकनंदा. पुन्हा पाणीच!

इतक्या लवकर बाहू कसे फुटले? थंड वायू संथपणे येत राहिला असेल, किंवा शेजारच्या एखाद्या छोट्या दीर्घिकेने तिला ढवळलं असेल. यातलं खरं काय ते ठरवायला आता तिच्यातला वायू किती वेगाने आणि किती शिस्तीत फिरतोय, ते मोजायला हवं.