हबारी गानी? : क्वान्झाच्या सात दिवसांमागची गोष्ट

'हबारी गानी?' हा पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला रोजचा प्रश्न. म्हणजे 'काय खबर?' आपली 'खबर' आणि त्यांची 'हबारी' एकाच अरबी शब्दातून आल्या आहेत. एरवी याला 'न्झुरी', म्हणजे 'छान', एवढं उत्तर पुरतं. पण २६ डिसेंबर ते १ जानेवारी या सात दिवसांत क्वान्झा पाळणाऱ्या आफ्रिकी-अमेरिकन घरांत उत्तर रोज बदलतं. पहिल्या दिवशी 'उमोजा', एकी. दुसऱ्या दिवशी 'कुजिचागुलिया', आपलं आपण ठरवणं. असं करत शेवटच्या दिवशी 'इमानी'. हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

दरवर्षी डिसेंबरअखेर या सात शब्दांच्या रंगीत चित्रांचे 'सकारात्मक जगा' छापाचे फॉरवर्ड फिरतात. त्यांत गैर काही नाही, पण त्यांतून या सणाचा जन्म कसा झाला याचा पत्ता लागत नाही. तो झाला एका जळत्या वस्तीच्या राखेतून.

६ ऑगस्ट १९६५ रोजी अमेरिकेत मतदान हक्क कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. त्यानंतर पाचच दिवसांनी लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात पोलिसांनी एका कृष्णवर्णीय तरुणाची गाडी अडवली. बाचाबाची झाली, गर्दी जमली आणि पुढचे सहा दिवस वस्ती पेटलेली होती. ३४ माणसं मेली. हक्क कागदावर आले होते. बेकारी, कोंदट घरं आणि पोलिसांचा दंडुका जागच्या जागी होता.

त्याच शहरातल्या एका तरुण कार्यकर्त्याने त्या वर्षी 'अस' नावाची संघटना उभी केली. 'अस' म्हणजे इंग्रजीतला 'Us', 'आपण'. त्याचं जन्मनाव रोनाल्ड एव्हरेट. ते टाकून त्याने मौलाना करेंगा हे नाव घेतलं. 'मौलाना' वाचून घोटाळा व्हायला नको, इथे धर्माचा संबंध नाही. स्वाहिलीत गेलेला हा अरबी शब्द त्याने 'गुरू' या अर्थाने घेतला. गुलामांची नावं मालक ठेवत, त्यामुळे स्वतःचं नाव स्वतः ठेवणं हीच त्या पिढीला पहिली लढाई वाटत होती. कुजिचागुलियाचा अर्थ इथून वाचला तर तो 'स्वतःवर विश्वास ठेवा'च्या बराच पलीकडे जातो.

करेंगाचं म्हणणं असं, की ज्यांची भाषा, नावं आणि देव हिरावले गेले त्यांना आधी संस्कृती परत हवी, राजकारण त्यानंतर. मग त्याने सरळ एक सण रचला. पहिला क्वान्झा १९६६ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसमध्ये झाला. 'मातुंडा या क्वान्झा' म्हणजे हंगामाची पहिली फळं. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि स्वाझी लोकांत वर्षअखेरीस नव्या पिकाचे उत्सव होतात. कल्पना तिथली, भाषा पूर्व किनाऱ्यावरची. गंमत अशी, की अमेरिकेत नेलेले बहुतेक गुलाम पश्चिम आणि मध्य-पश्चिम आफ्रिकेतले. त्यांच्या पूर्वजांनी स्वाहिली बहुधा ऐकलीही नसेल. टीकाकार यावर बोट ठेवतात, आणि ते चूक नाही. पण स्वाहिली कुठल्याही एका जमातीची नव्हती, म्हणूनच ती सगळ्यांची करता येत होती. शिवाय टांझानियात राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे तेव्हा 'उजामा'चा प्रयोग मांडत होते. हा शब्द सातांत चौथा आहे. त्याच्या पोटात आपल्या 'जमाती'चंच मूळ आहे. न्येरेरेंचा तो समाजवाद होता, क्वान्झात तो आपली दुकानं आपण काढा, चालवा आणि नफा वाटून घ्या, इथपर्यंत आला.

मराठी वाचकाला ब्लॅक पँथर ठाऊक असतात, कारण १९७२ साली मुंबईत दलित पँथरने त्यांच्यावरून नाव घेतलं. करेंगाची संघटना त्यांच्या विरुद्ध गोटातली. संस्कृती आधी की सत्ता, हा वाद. त्यात एफबीआयने खोटी पत्रं आणि व्यंगचित्रं सोडून तेल ओतलं. जानेवारी १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या आवारात दोन पँथर गोळीबारात मारले गेले. १९७१ मध्ये खुद्द करेंगाला संघटनेतल्या स्त्रियांचा छळ केल्याबद्दल शिक्षा झाली. त्याने आरोप नाकारले, पण १९७५ पर्यंत तो तुरुंगात होता. 'एकी' शिकवणाऱ्या सणाच्या कर्त्याची ही बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. माझ्या मते सण टिकला तो कर्त्यामुळे नव्हेच, घराघरांतल्या जेवणाच्या टेबलामुळे टिकला. सुरुवातीला त्याला नाताळचा पर्याय म्हणत. पुढे करेंगानेच तो सूर सोडला, आणि आज कितीतरी कुटुंबं ख्रिसमसचं झाड आणि क्वान्झाच्या मेणबत्त्या एकाच खोलीत ठेवतात. १९९७ साली तर टपालखात्याने तिकीटही काढलं.

त्या टेबलावर एक चटई अंथरतात. तिच्यावर सात मेणबत्त्यांचा 'किनारा', म्हणजे दीपदान. मधोमध काळी, एका बाजूला तीन लाल, दुसऱ्या बाजूला तीन हिरव्या. हे रंग कृष्णवर्णीय नेता मार्कस गार्वीच्या चळवळीने १९२० मध्ये झेंड्यासाठी घेतलेले. पहिल्या संध्याकाळी फक्त काळी पेटते, मग रोज एक वाढते. एकीच्या पेल्यातून पूर्वजांच्या नावाने पाणी सोडतात. काडी ओढायला मुलांची झुंबड उडते, आणि ज्याची पाळी असेल त्याने त्या दिवसाचा शब्द आपल्या घरात कुठे दिसला ते सांगायचं.

चटईवर मक्याची कणसंही असतात, घरात जितकी मुलं तितकी. त्यांना म्हणतात 'मुहिंदी'. स्वाहिलीत मक्याचं नाव 'हिंद'वरून पडलंय, जरी मका ना हिंदचा ना आफ्रिकेचा. ज्या घरात मूल नाही, तिथेही एक कणीस ठेवायचंच असतं. मुलं अख्ख्या गल्लीची असतात.