फडकं काळंच का राहतं?

"मामा, दोन तास घासतोय, तरी मळ निघतोच आहे!" इंदूरच्या देवास नाक्याजवळच्या एका शेडमध्ये भाच्यानं फडकं माझ्यापुढे धरलं. कोळशाच्या पोत्यागत काळं. समोर त्याच्या ट्रकची अ‍ॅल्युमिनियमची डिझेल टाकी, अर्धी राखी रंगाची, अर्धी चकाकायला लागलेली. बफिंगवाले, म्हणजे फिरत्या चाकानं चकाकी आणणारे उस्ताद मान वर न करताच म्हणाले, "भैया, ये मैल नहीं है, टंकी ही निकल रही है."

उस्तादांनी शाळा किती पाहिली ते ठाऊक नाही, पण बोलले ते अगदी बरोबर. पॉलिश करताना निघणारं काळं म्हणजे मुख्यतः अ‍ॅल्युमिनियमचाच बारीक भुगा, त्यात थोडं त्याचं ऑक्साइड आणि पॉलिशमधलं तेल-मेण. पांढराशुभ्र धातू भुगा झाल्यावर काळा का दिसतो? सपाट अ‍ॅल्युमिनियम त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 90 टक्के परत फेकतं. भुग्यात मात्र प्रकाश एका कणावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर असा अडकत जातो आणि दर टप्प्याला थोडा थोडा शोषला जातो. बाहेर यायला फारसं काही उरत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं राखेनं घासलं की हात काळे होतात, तेही यामुळेच. म्हणून फडकं पांढरं निघेपर्यंत घासायचं असं ठरवलं, तर आधी टाकीच संपेल.

मग टाकी निस्तेज कशानं झाली? गंजानं, असं आपण पटकन म्हणतो. पण लोखंडाचा गंज भुसभुशीत, त्याचे पापुद्रे निघतात आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. अ‍ॅल्युमिनियमचं तसं नाही. हवा लागताच त्याच्यावर 2 ते 4 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडीचा ऑक्साइडचा थर चढतो आणि धातूला घट्ट चिकटून बसतो. माणिक आणि नीलम मूळचे याच संयुगाचे, त्यामुळे थर कठीण, शिवाय पारदर्शक. चकचकीत दिसणाऱ्या टाकीवरही तो असतोच.

बिघडवतं ते मीठ. भाच्याची गाडी कांडला बंदराच्या फेऱ्या करते. मिठातले क्लोराइड या थराला बारीक भोकं पाडतात, खाली खड्डे पडतात, त्यांत पांढरी भुकटी साठते. वर चिखल आणि डिझेलचा ओघळ. स्वच्छतेत देशात अनेकदा पहिलं आलेल्या शहरात राहून टाकीकडे चार वर्षं पाहिलं नाही, हे भाच्यानं स्वतःच कबूल केलं.

त्यात भर म्हणून मागच्या दिवाळीत एका धुलाईवाल्यानं टाकीवर तेजाब, म्हणजे तीव्र आम्ल फिरवलं होतं. देवाची तांब्या-पितळेची भांडी आजी चिंचेनं उजळते, तेव्हा चिंचेतलं आम्ल वरचा काळा थर विरघळवतं आणि खालच्या तांब्याला फारसा हात लावत नाही. अ‍ॅल्युमिनियमवर तीव्र आम्ल थर खातं आणि मग धातूही खायला लागतं. कॉस्टिक सोडा तर त्याहून वाईट, बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे. या थराला साधारण 4 ते 8.5 या दरम्यानचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) मानवतो. कुकरमध्ये तळाच्या पाण्यात आपण लिंबाची फोड टाकतो ना, तीही याच हिशेबानं. पाण्यातल्या क्षारांनी कुकर काळवंडतो, किंचित आंबटपणानं तो वाचतो. तेजाबाची गोष्ट वेगळी. टाकीवर ढगांसारखे राखी डाग उमटले होते.

उस्तादांची खरी कला पुढे. आधी साबणपाणी, मग 400 नंबरचा पॉलिश पेपर, मग 800, 1500 आणि शेवटी 2000, सगळे पाण्यात भिजवून. 400 नंबरच्या पेपरचा कण सुमारे 35 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), 2000 नंबरचा 10 मायक्रॉनच्या आसपास. दर नंबरला ते हात काटकोनात फिरवत. आधीचे ओरखडे आडवे असतील, तर आता उभे घासायचे. एकही आडवी रेघ दिसली की पुढचा पेपर हातात घ्यायचा नाही. भाच्याला कंटाळा आला, त्यानं 400 वरून थेट 2000 उचलला. उस्तादांनी काही न बोलता पेपर काढून घेतला. बारीक कण खोल ओरखडा भरून काढत नाहीत. आजूबाजूचा धातू खरवडून त्या खोलीपर्यंत उतरावं लागतं, आणि बारीक पेपरानं ते करायला संध्याकाळ झाली असती.

हे सगळं प्रकाशासाठी. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी 0.4 ते 0.7 मायक्रॉन. पृष्ठभागाचा उंचसखलपणा त्याहून बराच कमी झाला, की प्रकाश विखुरत नाही, एकाच दिशेनं परततो आणि आपल्याला चेहरा दिसतो. चमक वरून लावलेली नसते, खालचा खडबडीतपणा गेलेला असतो. पेपरानंतर सुती कापडाचं फिरतं चाक, त्यावर पांढऱ्या साबणाची वडी. वडीत बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच असतं, म्हणजे धातूवर चढणारं संयुगच धातूला घासतं. चाकाच्या दाबानं आणि उष्णतेनं वरचा मऊ धातू किंचित पसरतोही.

लोखंडी बंपर घासायचं चाक शेडच्या दुसऱ्या टोकाला, वेगळं. मला वाटलं, उगाच सोवळं. पण गंज म्हणजे लोहाचं ऑक्साइड. त्यात अ‍ॅल्युमिनियमची पूड मिसळली आणि ठिणगी पडली, तर जे पेटतं त्याचा वापर रेल्वेचे रूळ जोडायला होतो. तापमान 2000 अंशांच्या वर. ते पाण्यानं विझवू जाणं म्हणजे आगीत तेल.

चार वाजता टाकीत समोरच्या चहावाल्याची पाटी उलटी दिसू लागली. खालच्या कडेला सात-आठ काळे ठिपके मात्र राहिलेच, मिठाचे खड्डे. भाचा म्हणाला, "हेही काढा ना!" उस्तादांनी टाकीवर बोटानं टिचकी मारली, पत्रा जेमतेम 3 मिलिमीटरचा. "इनको निकालेंगे तो डीजल निकलेगा," म्हणाले, आणि यंत्राची वायर गुंडाळायला लागले.