जुळ्यांचा स्वभाव आणि तो सांगणारे

विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात आणि त्या सुमारास नागपुरातील जुळ्या मुलांच्या पालकांपुढे दोघांना एकाच तुकडीत ठेवावे की वेगवेगळ्या, हा प्रश्न उभा राहतो. त्याची चर्चा करताना ‘एक शांत आहे, दुसरा आगाऊ’ असे वर्णन हमखास होते. बालपणीचा स्वभाव कितपत आनुवंशिक असतो, या दीडशे वर्षांच्या वादात असल्या वर्णनांना फार मोठे स्थान आहे.

इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन याने 1875 मध्ये जुळ्यांची माहिती प्रश्नावल्या पाठवून जमवली. परंतु जुळ्यांच्या दोन प्रकारांची पद्धतशीर तुलना त्याने केली नव्हती. ती 1924 मध्ये जर्मनीत हर्मन सीमेन्स आणि अमेरिकेत कर्टिस मेरीमन यांनी मांडली. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी, तर द्विबीज जुळ्यांत, इतर भावंडांप्रमाणेच, बदलणाऱ्या जनुकांपैकी सरासरी निम्मी समान. म्हणून दोन्ही प्रकारांतील साम्याच्या फरकाची दुप्पट म्हणजे आनुवंशिकतेचा अंदाज, असा हा हिशेब आहे. दोन्ही प्रकारच्या जुळ्यांना परिस्थिती सारख्याच प्रमाणात समान मिळते, हे त्यात गृहीत धरलेले असते आणि टीकाकारांचा पहिला आक्षेप त्यावरच आहे.

शिवाय हा आकडा एका समूहातील माणसामाणसांतल्या फरकाविषयी बोलतो, एखाद्या मुलाविषयी नव्हे. एकाच मातृवृक्षाचे डोळे जंबेरीच्या खुंटांवर भरून उभी केलेली संत्र्याची बाग घेतली, तर तिच्या झाडाझाडांतला फरक बहुतांशी माती, पाणी आणि खुंट यांचा असतो. कलमांच्या जनुकांमुळे आलेली आनुवंशिकता तेथे शून्याजवळ भरेल. तरीही झाडाला मोसंबी न लागता संत्री का लागतात, याचे उत्तर जनुकांतच सापडते.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट याच्या प्रकरणाने या क्षेत्राची पत घसरली. वेगळ्या घरांत वाढलेल्या एकबीज जुळ्यांच्या बुद्धिमापनाचा त्याचा सहसंबंध (साम्याचे माप: 0 म्हणजे साम्य नाही, 1 म्हणजे पूर्ण साम्य), जोड्यांची संख्या वाढत गेली तरी, 0.771 हाच राहिला. आकडा असा जराही न हलणे संशयास्पद आहे, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन कामिन यांनी 1974 मध्ये दाखवून दिले. पुढे 1979 मध्ये थॉमस बुशार्ड यांनी मिनेसोटात वेगळ्या वाढलेल्या जुळ्यांचा नवा अभ्यास सुरू केला, ज्यात स्वभावाच्या चाचण्यांवरही अशी जुळी एकत्र वाढलेल्यांइतकीच सारखी निघाली. परंतु ही सारी माणसे प्रौढ होती आणि आपल्याविषयी स्वतःच उत्तरे देत होती.

लहान मुलांच्या बाबतीत उत्तरे बहुधा आई देते, आणि खरी अडचण तेथेच आहे. चंचलपणा, बुजरेपणा यांविषयीच्या पालकांच्या प्रश्नावल्यांत एकबीज जुळ्यांचा सहसंबंध बऱ्यापैकी येतो, तर द्विबीजांचा शून्याजवळ, क्वचित उणेही. निम्मी जनुके समान असताना हे साध्या हिशेबात बसत नाही, कारण फरकाची दुप्पट केली की आनुवंशिकता एकबीजांच्या साम्याहूनही मोठी निघते. रॉबर्ट प्लोमिन, किंबर्ली सॉडिनो आदी संशोधकांनी याचे एक कारण असे सुचवले, की पालक दोन मुलांना एकमेकांशेजारी ठेवून जोखतात आणि त्यांच्यातला फरक नकळत ताणतात. जो थोडा कमी पळतो, तो घरात ‘शांत’ ठरतो. हे कुठल्याही दोन भावंडांच्या घरात पाहायला मिळते. मुलांच्या अंगावर हालचाल मोजणारी उपकरणे बांधली, तेव्हा मात्र द्विबीज जुळीही एकमेकांसारखी दिसली.

सर्व प्रकारच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब 2015 मध्ये वुकासोविच आणि ब्राट्को यांनी केला, तेव्हा व्यक्तिमत्त्वाची आनुवंशिकता जुळ्यांच्या अभ्यासांत 47 टक्के, तर कुटुंब व दत्तक मुलांच्या अभ्यासांत 22 टक्के भरली. जनुकांचे परिणाम नुसते बेरजेने न चालता परस्परांवर अवलंबून असतात, हे या तफावतीचे एक स्पष्टीकरण. जुळ्यांच्या पद्धतीतच आकडा फुगतो, हे दुसरे. माझा कल, निदान लहान मुलांपुरता, दुसऱ्याकडे आहे. शिक्षकांच्या मतांतही असाच गुंता आढळला आहे: दोन्ही मुलांविषयी एकाच शिक्षकाला विचारले तर ती अधिक सारखी दिसतात आणि वेगळ्या तुकड्यांतील दोन शिक्षकांना विचारले तर कमी.